सरी म्हणजे मान्य नव्हे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक नवाकोरा साहेब इस्पितळाच्या मागच्या पायऱ्यांवर आला. एका हातात कागदाची गुंडाळी, दुसऱ्या हातात चिकटपट्टी. तिथे बसलेल्या वीस-बावीस बायकांना तो मोठ्या रुबाबात म्हणाला, “इल्ली कूरबेकु.”

बायका आधी एकमेकींकडे बघायला लागल्या, मग हसायला.

आता त्यात हसण्यासारखं काय, तर कन्नडात ‘कूरबेडी’ म्हणजे बसू नका, आणि ‘कूरबेकु’ म्हणजे बसलंच पाहिजे. गड्याला वरून सांगून धाडलं होतं की पायऱ्यांवर बसणाऱ्या बायकांना उठव. आणि हा त्यांना हुकूम सोडत होता की इथे बसलंच पाहिजे.

“बसलोच आहोत की, गायधनी साहेब,” तिसऱ्या मजल्याची नर्स अनुसूया म्हणाली. त्याच्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव तिने वाचलं होतं. सुहास गायधनी, एचआर. “आता जेवायचाही हुकूम द्या, म्हणजे डबे उघडतो.”

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की माणसाचा चेहरा कसा होतो ते तिला ठाऊक होतं. याचा तर कापूर पेटावा तसा उजळला.

“तुम्ही... मराठी?”

“नाही. तुमच्यासाठी आत्ताच शिकले.”

शेजारची गोजराक्का खुदकन हसली. गोजराक्का म्हणजे तळमजल्यावरची सगळ्यात जुनी आया, गोजराबाई. अक्षरओळख नाही, पण जीभ अशी की ऑपरेशनच्या सुरीने तिच्यापुढे लाजावं. “अनू, विचार त्याला, आम्हाला उठवून कुठे धाडतोय. आनेकलला? जायला दोन तास, यायला दोन तास. घरी पाणी पिऊन परत फिरू का?”

सुहासला काहीच माहीत नव्हतं. नाशिकहून येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. अनुसूयाने त्याला सांगितलं. इस्पितळात तुटक ड्यूटी चालते. सकाळी सात ते अकरा, मग पाच तास मोकळे, मग परत चार ते आठ. कागदावर आठ तासच भरतात, पण दिवस पुरा जातो. पहाटे साडेचारला घर सोडायचं आणि रात्री दहाला परतायचं. मधले पाच तास आत थांबायची परवानगी नाही, आणि इंदिरानगरात फुकट बसायला जागा कुठली? म्हणून या पायऱ्या, आणि हे होंगेचं, म्हणजे करंजाचं, झाड. वर्ष झालं, अनुसूयाने घरी देवापुढे सांजवात लावलेली पाहिली नव्हती. आई एकटीच लावायची.

तो ऐकत राहिला. मग कागदाची गुंडाळी त्याने काखेत धरली आणि... खालच्या पायरीवर बसला.

“अहो साहेब, इथे बसायला मनाई आहे म्हणे,” अनुसूया म्हणाली.

“कूरबेकु,” तो म्हणाला. “मीच म्हणालो ना.”

ती नोटीस त्याने शेवटी लावली. खांबाच्या मागच्या बाजूला, जिथे फक्त मुंग्या वाचतील.

*

मग रोज अकराच्या सुमाराला त्याला मागच्या बाजूला काही ना काही काम निघायला लागलं. कधी कॉफीचा कागदी पेला घेऊन, कधी नुसताच. तिने त्याला रोज एक कन्नड शब्द शिकवायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नये.

“हे तुमचं मराठी कुठलं?” एकदा त्याने विचारलं. “मध्येच स्वल्प म्हणता, मध्येच अय्यो.”

“आमचं चारशे वर्षांचं आहे. शहाजीराजांबरोबर आलो आम्ही. तुमचं कालच्या बसने आलेलं.”

“ट्रेनने आलो, ॲक्च्युअली.”

“तेच ते. जनरल डब्यातलं.”

तो हसला की त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त मिटायचा. असल्या गोष्टी बघायच्या नाहीत असं अनुसूयाने स्वतःला बजावलं होतं. पण बजावल्याने डोळे ऐकतात होय?

एका दुपारी आभाळ दाटलं, झाडाची पानं उलटी व्हायला लागली. सुहास वर बघत म्हणाला, “सरी येणार.”

“काय येणार?”

“सरी. पावसाच्या. तुमच्याकडे सरीला काय म्हणतात?”

“आमच्याकडे सरी म्हणजे... ठीक. मान्य.” ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. “कुणी म्हणालं, उद्या कॉफी घेऊ या का, तर म्हणायचं सरी.”

“उद्या कॉफी घेऊ या का?”

“मी उदाहरण सांगत होते.”

“मीही,” तो म्हणाला.

पावसाचे चार थेंब पडले, तसे बायकांनी डबे उचलले. जाता जाता ती पाठमोरीच म्हणाली, “सरी.”

गोजराक्काने ते ऐकलं होतं. पायरी चढता चढता तिने अनुसूयाला कोपराने ढोसलं. “बाई गं, तो मॅनेजमेंटचा आहे. मांजराने उंदराला भाषा शिकवावी, उंदराने मांजराला नव्हे.”

*

पुढल्याच महिन्यात युनियनचा करार व्हायचा होता. तीन वर्षांतून एकदा मॅनेजमेंट आणि युनियन समोरासमोर बसायचे. या युनियनची रीत अशी की नेत्याने परस्पर जायचं नाही, बोलायचं नाही, ठरवून यायचं तर मुळीच नाही. आधी कापसाचा एक रिकामा खोका वॉर्डावॉर्डातून फिरायचा आणि प्रत्येकाने आपल्या मागणीची चिठ्ठी त्यात टाकायची. गोजराक्काने आपली चिठ्ठी अनुसूयाकडून लिहून घेतली.

“काय लिहू?”

“लिही, माझी संध्याकाळ मला परत पाहिजे. बस्स.”

खोका उघडला तेव्हा बाकीच्या चिठ्ठ्यांतही शब्द वेगळे पण मागणी तीच. तुटक ड्यूटी बंद करा, आणि ड्यूटीचा तक्ता आठ दिवस आधी लावा. तीच मागणीपत्रात पहिली लिहिली गेली.

बोलायचं काम बिंदुमाधव अण्णांचं. अण्णा औषधांच्या कोठारात तीस वर्षं काढलेले, युनियनचे अध्यक्ष, स्वभावाने गाय. पण एकट्या अण्णांनी बैठकीत जायचं नाही, म्हणून प्रत्येक मजल्याने एक ‘ऐकणारा’ धाडायचा. ऐकणाऱ्याने भिंतीला लागून बसायचं, एक शब्द बोलायचा नाही, सगळं वहीत नाहीतर मनात टिपून घ्यायचं आणि आपल्या मजल्याला जाऊन सांगायचं. तिसऱ्या मजल्याची अनुसूया, तळमजल्याची गोजराक्का. गोजराक्का म्हणाली, “मला न बोलता बसायला सांगताय? त्यापेक्षा बेशुद्ध करा.”

पहिली बैठक पाचव्या मजल्यावर झाली. टेबलाच्या एका बाजूला अण्णा आणि दोघे सभासद, दुसऱ्या बाजूला एचआरच्या मोठ्या मॅडम दिव्यश्री, आणि त्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून मिनिट्स लिहायला... सुहास.

अनुसूयाने मान खाली घातली. वर केली. त्यानेही केली. बोलायला बंदी होती, बघायला नव्हती. एसीच्या गारठ्यात तिचे कान मात्र तापले होते.

बैठक कन्नडात चालली. मॅडम भराभर बोलत होत्या. तुटक ड्यूटी लगेच बंद करता येणार नाही, आणखी एक वर्ष चालवू, मग बघू. अण्णा मान डोलावत ऐकत होते. “सरी... सरी... मुंदे हेळी.” बरं, बरं, पुढे बोला. अण्णांची सवयच ती. त्यांच्या घरी भिंत बोलली असती तरी त्यांनी सरी म्हटलं असतं.

अनुसूया पेन्सिलीने वहीत रेघा मारत होती. तिची आपली खूण होती. अण्णांनी नुसतं ऐकलं की आखूड रेघ, खरंच मान्य केलं की लांब रेघ. बैठक संपली तेव्हा वहीत अकरा आखूड रेघा होत्या आणि दोन लांब. चौथ्या मजल्यावर प्यायचं पाणी आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी, एवढ्याच दोन गोष्टी अण्णांनी मानल्या होत्या.

*

दोन दिवसांनी फलकावर मिनिट्स लागल्या. तेरा मुद्दे आणि तेराही ठिकाणी ‘युनियनला मान्य’. सहावा मुद्दा होता, तुटक ड्यूटी आणखी एक वर्ष चालू राहील. खाली मॅडमची ओळ, पुढच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात.

दुपारपर्यंत इस्पितळ पेटलं. अण्णा कँटीनमध्ये आले तर कुणी त्यांच्या टेबलाशी बसेना. “विकला गेला,” कुणीतरी मागून म्हणालं. तीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. अण्णांचा हात कॉफीच्या पेल्यावर तसाच राहिला. “मी हं हं म्हणत होतो गं,” ते अनुसूयाला म्हणाले. “मी नुसतं ऐकत होतो.”

ती तडक मागच्या पायऱ्यांवर गेली. सुहास दोन पेले घेऊन उभा होता. पेल्यांकडे तिने पाहिलंही नाही.

“तुम्ही लिहिलंत?”

“हो. का? काय झालं?”

“‘ध’चा ‘मा’ केलात, आणि वर विचारता काय झालं. अण्णांनी कधी मान्य केलं?”

“ते सरी म्हणाले,” तो गोंधळून म्हणाला. “तेरा वेळा. मी मोजलं. मुद्दे मॅडमनी आधीच लिहून दिले होते. प्रत्येक सरीला मी मान्य लिहिलं.”

“सरी म्हणजे मान्य असं तुम्हाला कुठल्या शहाण्याने शिकवलं?”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

चार थेंबांची ती दुपार तिला आठवली, ओढणीचं टोक आठवलं. आपणच शिकवलं. आणि अर्धंच शिकवलं. सरी म्हणजे मान्यही आणि सरी म्हणजे नुसतं हंही, हे सांगायचं राहूनच गेलं. कारण त्या वेळी आपलं लक्ष शब्दात नव्हतं, मिटणाऱ्या डाव्या डोळ्यात होतं.

“सॉरी,” तो म्हणाला. “मी मॅडमना सांगतो. दुरुस्त करू.”

“सांगा,” ती म्हणाली. “आणि सांगून होईपर्यंत इथे येऊ नका.”

सहा दिवस गेले. फलकावरचा कागद तसाच राहिला. तो आला नाही. कुणीतरी बातमी आणली की सुहासची नोकरी पक्की होण्याचं पत्र तयार आहे, मॅडमच्या टेबलावर आहे. गोजराक्का काही बोलली नाही. गोजराक्का बोलली नाही की समजावं, तिला कीव आली आहे. अनुसूयाला ती कीव शिवीपेक्षा जास्त लागली.

*

गुरुवारी युनियनने सगळ्या सभासदांना बोलावलं. वेळ दुपारची साडेबारा, जागा मागच्या पायऱ्या. मॅनेजमेंटनेच दिलेले मोकळे पाच तास, ते कुणाच्या बापाचे नव्हते. पायऱ्या भरल्या, होंगेचं झाड भरलं, बाहेरचा रस्ता भरला. सुट्टीवरच्या नर्सही आल्या होत्या.

अनुसूया पायरीवर उभी राहिली. तिने वही उघडली.

“अण्णा विकले गेले नाहीत,” ती म्हणाली. “माझ्या वहीत सगळं आहे. अकरा वेळा त्यांनी नुसतं ऐकलं, दोनदा मान्य केलं. लिहिणाऱ्याला कन्नड येत नाही. त्याला सरीचा अर्थ मी शिकवला, आणि अर्धाच शिकवला. शिव्या द्यायच्या तर मला द्या.”

कुणीतरी हसलं, कुणीतरी शीळ घातली. गोजराक्का उठली. “शिव्या नंतर देऊ, वेळ लावून देऊ. आधी हे सांगा, मिनिट्स कुणाला मान्य आहेत? हात वर.”

एक हात वर झाला नाही. वाऱ्याने झाडाची एक फांदी हलली तेवढीच.

“कुणाला मान्य नाहीत?”

मग असे हात वर झाले की पायऱ्यांवर ऊन पडेनासं झालं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि तसाच हातात धरून बसले.

सभेने आणखी एक ठराव केला. पुढच्या बैठकीत ऐकणारे बोलतील.

*

दुसऱ्या बैठकीत अनुसूया वही घेऊन उभी राहिली, तशी दिव्यश्री मॅडमच्या कपाळाला आठी पडली. “ऐकणाऱ्यांनी बोलायचं नसतं.”

“ऐकून ऐकून पोट भरलं, मॅडम. सभेचा ठराव आहे. ह्या मिनिट्स आम्हाला मान्य नाहीत. अण्णांनी मान्य केलेलंच नव्हतं.”

“अण्णा सरी म्हणाले होते. मी इथलीच आहे, मला कन्नड शिकवू नका. सरी म्हणजे मान्य. सुहासनेही हेच विचारलं होतं, त्यालाही हेच सांगितलं.”

अनुसूयाने झटकन त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे हा सांगायला गेला होता. त्याने वर पाहिलं नाही. त्याची बोटं लॅपटॉपवर होती, आणि मॅडमच्या फायलीखालून एका पांढऱ्या पाकिटाचा कोपरा दिसत होता.

“ठीक आहे,” मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. “काय ते वाचा. पाच मिनिटं.”

अनुसूया मागणीपत्र वाचायला लागली. त्याची एक प्रत सुहासपुढे होती. तुटक ड्यूटी येत्या एक तारखेपासून बंद. मॅडमनी फोन उचलून एक निरोप वाचला. “सरी.” ड्यूटीचा तक्ता आठ दिवस आधी लावायचा. “सरी, सरी.” एकदा लावलेला तक्ता विचारल्याशिवाय बदलायचा नाही. “सरी. मुंदे हेळी.” मागच्या पायऱ्यांवर छप्पर घालायचं. “सरी...”

लॅपटॉपची बटणं टकटक वाजत होती. एरवीपेक्षा जरा जोरातच.

मॅडमचा हात थांबला. “तू काय लिहितोयस?”

“मिनिट्स, मॅडम,” सुहास म्हणाला आणि वाचायला लागला. आवाज कोरडा पडला होता, पण मोडला नाही. “तुटक ड्यूटी एक तारखेपासून बंद, मॅनेजमेंटला मान्य. तक्ता आठ दिवस आधी, मॅनेजमेंटला मान्य. बदल विचारून, मान्य. पायऱ्यांना छप्पर—”

“मी हे कधी मान्य केलं?”

“सरी म्हणालात, मॅडम. प्रत्येक वेळी.”

“ते मी नुसतं...”

आणि मॅडम थांबल्या.

भिंतीपाशी बसलेल्या गोजराक्काने पदर सावरला. “बोला की, मॅडम,” ती अगदी मायेने म्हणाली. “नुसतं काय, ते पुरं करा.”

मॅडमनी पुरं केलं नाही. त्या सुहासकडे वळल्या. मग फायलीखालचं ते पाकीट त्यांनी उचललं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

“जुन्या मिनिट्स बाद,” त्या म्हणाल्या. “आजच्याही. पहिल्यापासून सुरू करा.”

अनुसूया खाली बसली. समोर सुहास लॅपटॉपवरचं सगळं पुसत होता. पुसून झाल्यावर त्याने पहिल्यांदा वर पाहिलं... आणि त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटला.

*

नंतर आणखी दोन बैठका झाल्या. दर बैठकीनंतर ऐकणारे मजल्यामजल्यावर गेले, विचारून परत आले. पायऱ्यांना छप्पर काही मिळालं नाही. पण तुटक ड्यूटी एक तारखेपासून बंद झाली आणि तक्ता आठ दिवस आधी लागला. सभेने हात वर केले, तेव्हाच अण्णांनी सही केली. सही करताना ते एकदाही सरी म्हणाले नाहीत. तोंड मिटून केली.

एक तारखेला दुपारी तीन वाजता पहिली अखंड पाळी सुटली. आभाळ दाटून आलं होतं. बायका आनेकलच्या बसला निघायच्या आधी, सवयीने म्हणा, मायेने म्हणा, घटकाभर मागच्या पायऱ्यांवर टेकल्या. तेवढ्यात सुहास आला. गळ्यात कार्ड नव्हतं. हातात एक कागद होता.

“मला ठेवत नाहीयेत,” तो म्हणाला. “लिहिलंय, नॉट सूटेबल.”

“कशासाठी सूटेबल नाही, ते लिहिलंय का?” अनुसूयाने विचारलं.

“नाही.”

“मग अर्धवट कागद आहे. परत द्या.”

“राहू दे. के. आर. पुरमला एका ठिकाणी उद्या भेटायला बोलावलंय.” तो खालच्या पायरीवर उभा होता, ती वरच्या. “आता मी मॅनेजमेंटचा नाही. म्हणून विचारतो. तुला आता रोज संध्याकाळ असणार... त्यातली एक मला देशील? म्हणजे... आधी एक. मग जमलं तर सगळ्या.”

कुणी डब्याचं झाकण लावत होती, ती तशीच थांबली.

अनुसूया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, तशी तिने ते सोडून दिलं.

“सरी,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. एकदा फसलेला माणूस तो. “कुठलं? नुसतं ऐकलं, की मान्य?”

मागे हालचाल झाली. अनुसूयाने वळून पाहिलं. गोजराक्काने हात वर केला होता. तिच्या शेजारणीनेही. बघता बघता अख्ख्या पायऱ्यांनी हात वर केले.

“हात खाली घ्या,” अनुसूया म्हणाली. “करार सगळ्यांचा होता. हे माझं एकटीचं आहे. इथे ठराव चालायचा नाही.”

हात खाली गेले. गोजराक्काचा सगळ्यात शेवटी.

अनुसूयाने वही काढली, पेन्सिल काढली. “आखूड रेघ म्हणजे नुसतं ऐकलं, लांब रेघ म्हणजे मान्य,” ती म्हणाली. कोरं पान उघडून वही तिने त्याला धरायला दिली, एका कडेला टोक टेकवलं आणि रेघ मारायला सुरुवात केली. रेघ आखूड होती तोवर तो श्वास धरून बघत होता. ती थांबली नाही. रेघ पानाच्या मध्यावर आली, दुसऱ्या कडेला आली, पान संपलं. मग वही धरलेला त्याचा हात आला. रेघ तशीच पुढे त्याच्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत गेली.

“सरी आल्या,” तो वर बघत हळूच म्हणाला.

“कुठल्या?” तिने विचारलं, आणि पेन्सिल उचलली नाही.